अब्दोनचे नऊ खांब

टेक्ससचा गव्हर्नर आमच्या सीमेवरच्या सॉसितोत गेल्या चार वर्षांत अकरा वेळा येऊन गेला. पाऊससुद्धा तितक्या वेळा आला नाही. दर वेळी नदीकाठच्या मैदानात तोच पांढरा मंडप, तेच फळे, आणि फळ्यांवर मोठाले आकडे: किती मैल तार लावली, किती माणसं पकडली, किती बसगाड्या भरून उत्तरेला धाडल्या. आणि त्याच्या मागे उन्हात हॅट घालून उभी केलेली आमचीच माणसं. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं, सगळं गाव त्याच्या पाठीशी आहे.

तसं ते होतंही, खोटं कशाला बोलू? मी स्वतः दोनदा मत दिलंय त्याला. माझं जनावरांच्या खाद्याचं दुकान हमरस्त्यावर आहे. चोरून सीमापार आणलेली माणसं कोंबलेल्या गाड्या भर दुपारी शाळेसमोरून सुसाट पळतायत आणि पोलीस त्यांच्यामागे, हे मी इतक्यांदा पाहिलं की सायरन ऐकला की मी हातातलं टाकून दार लावून घ्यायची. दुकानाची मागची खिडकी तीनदा फुटली. कंटाळा आला होता हो. जो म्हणाला मी थांबवतो, त्याला मत दिलं. पुढे त्याच्या मंडपाचाही कंटाळा आला, ती गोष्ट वेगळी.

पण मला सांगायचंय ते अब्दोन सेर्तुचेबद्दल. गव्हर्नरबद्दल सांगायला टीव्हीवर पुष्कळ बसलेत.

अब्दोन माझा कोंपाद्रे. माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणतो आणि चाळीस वर्षं झाली तरी अहो-जाहो करतो. धंदा कुंपणं घालण्याचा. या काउंटीतलं निम्मं कुंपण त्याच्या हातचं आहे. उंचीने बेताचा, गुडघे गेलेले, हाताचे तळवे इतके जाड की काटेरी तार मोजे न घालता धरायचा. बोलायला महाकंजूस. पण कामाला पक्का. त्याने घातलेल्या कुंपणाच्या एका टोकाला उभं राहून बघितलं तर पहिल्या खांबामागे बाकीचे सगळे खांब लपायचे, इतकी सरळ ओळ. "अर्धं काम टाकून गेलो असं एकाने तरी म्हणून दाखवावं," एवढी एकच बढाई मी त्याच्या तोंडून ऐकली, तीही त्याच्या मुलीच्या लग्नात, दोन बियर पोटात गेल्यावर.

त्याचं लग्न, मुलं, सगळं चारचौघांसारखं. बायको एर्लिंदा सहा वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने गेली. मुलगी ह्यूस्टनला. रविवारी प्रार्थना झाली की माझ्याकडे बार्बाकोआ, म्हणजे मंद आचेवर शिजवलेलं मांस, खायचा, टोपलीतला शेवटचा तोर्तिया पुसून घ्यायचा आणि "निघतो कोमाद्रे" म्हणायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीच्या कडेकडेने चालला तो. स्वतःची जमीन म्हणाल तर घरामागे टोमॅटो लावण्यापुरती.

आता त्या जांभळ्या रंगाचं सांगते.

आमच्याकडे, टेक्ससमध्ये, झाडावर नाहीतर खांबावर जांभळा उभा पट्टा मारला की त्याचा अर्थ, 'खाजगी जमीन, पाऊल टाकू नका.' पाटी लावली तर कोणीतरी पळवतो, गोळ्या झाडून चाळण करतो. रंग कोण पळवणार? पट्टा वीतभर लांब हवा, कमरेच्या वर नि छातीच्या खाली हवा. कायद्यातच आहे तसं. इथलं शेंबडं पोरही ते ओळखतं. आणि गव्हर्नरने जेव्हा ठरवलं की नदी ओलांडून येणाऱ्यांना राज्याच्या पोलिसांनी 'दुसऱ्याच्या जमिनीत घुसले' म्हणून पकडायचं, तेव्हा या पट्ट्याला एकदम भाव आला. कारण जमीनमालकाने कागदावर सही दिली आणि जमिनीवर कुंपण, पाटी नाहीतर जांभळा पट्टा असला, तरच गुन्हा होतो. नसला, तर तो नुसता रानातून चाललेला माणूस.

प्रुइट रँचच्या पश्चिमेच्या हद्दीवर कुंपण नव्हतं. म्हणजे खांब होते, अब्दोननेच पंचवीस वर्षांपूर्वी ठोकलेले. तारा आणि मधल्या लोखंडी सळया पुरात गेल्या, जाड लाकडी खांब तेवढे उरले. मालक सान अंतोनियोत बसून, त्याला नवीन तार घालायची नव्हती. त्याचा पुतण्या रॉय डेल प्रुइट रँच बघायचा. तो जूनमध्ये माझ्या दुकानात आला, जांभळ्या रंगाचे डबे उचलले आणि तिथेच बाकावर बसलेल्या अब्दोनला म्हणाला, "अब्दोन, नदीपासून टाकीपर्यंतचे सगळे खांब रंगवून टाक. आठवड्यात. जमेल ना रे, म्हाताऱ्या?"

बापाच्या वयाच्या माणसाशी ही बोलण्याची रीत. अब्दोन म्हणाला, "जमेल."

"या वयात, या उन्हात?" रॉय डेल गेल्यावर मी म्हणाले. "गुडघे काय म्हणतायत विचारलंत का त्यांना?"

"गुडघ्यांना कोण विचारतंय, कोमाद्रे," तो म्हणाला. "कुंपणाचं काम मिळतंय कुठे आता? सगळ्यांना रंगच हवाय."

खांब एकशेवीसच्या वर होते, शंभर शंभर पावलांवर. तो पहाटे जायचा, अकराला ऊन असह्य झालं की परतायचा. शुक्रवारी तो परत आला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला पंख्याखाली बसवलं, लाल सोड्याची बाटली दिली. त्याने ती उघडलीच नाही, नुसती मानेला लावून बसला.

"झालं?" मी विचारलं.

"नऊ राहिले. रंग संपला. टाकीच्या अलीकडचे नऊ." मग म्हणाला, "सोमवारी करीन."

नऊ खांब, म्हणजे जेमतेम अर्धा मैल.

पण सोमवारी गव्हर्नर आला. रॉय डेलने रविवारीच फोन करून अब्दोनला स्वच्छ शर्ट घालून यायला सांगितलं होतं. मंडपात नेऊन त्याला मागच्या ओळीत उभं केलं, आणि कार्यक्रमाआधी एक कागद पुढे केला: प्रुइट रँचच्या पश्चिम हद्दीवरच्या सर्व खांबांना कायद्याप्रमाणे खूण केली आहे, काम पूर्ण. खाली सहीची जागा.

"नऊ राहिलेत," अब्दोन म्हणाला.

"मग कर ना उद्या. मी कुठे नाही म्हणतोय? गव्हर्नरसाहेब आज तुझं नाव घेणारेत, बाबा. कागद आज हवाय."

अब्दोनने सही केली. आयुष्यात पहिल्यांदा न झालेल्या कामावर सही केली आणि ती गव्हर्नरच्या माणसाच्या फायलीत गेली. मग गव्हर्नर बोलला. आपल्या कारकिर्दीचा हिशोब वाचून दाखवला, आणि म्हणाला की ही सीमा नुसती पोलिसांनी नाही, तर अशा साध्या कष्टकरी माणसांनी राखलीय. त्याने मागे वळून अब्दोनच्या खांद्यावर हात ठेवला. टाळ्या वाजल्या. मी गर्दीत उभी होते. अब्दोन खाली बुटांकडे बघत होता. मला वाटलं लाजला. त्याला विचारलं तर म्हणाला, "गुडघा दुखत होता."

मंगळवारी गुडघ्याला एवढी सूज आली की बूट चढेना. बुधवार, गुरुवार तसेच गेले. पारा एकशेनऊ फॅरनहाइटवर. शनिवारी तो माझ्याकडून एक डबा घेऊन पिकअपमधून टाकीकडे गेला आणि तासाभरात परत आला. डबा न उघडता काउंटरवर ठेवला.

"काय झालं?"

"नको हा," म्हणाला. "परत घ्या."

"अहो पण नऊ खांब..."

"कोमाद्रे, परत घ्या म्हणतोय ना!"

चाळीस वर्षांत त्याने माझ्यावर आवाज चढवला तो तेवढा एकदा. मी डबा घेतला. मागाहून शेरीफच्या माणसाकडून कळलं, शुक्रवारी तिथे एक प्रेत सापडलं होतं. पश्चिम हद्दीवर, मेस्कीटच्या झाडाखाली. शेजारी एक जिवंत माणूस बसलेला, त्याला पकडून नेलं. अब्दोन गेला तेव्हा तिथे पोलिसांची पिवळी फीत होती, आणि कोणाचे तरी रबरी हातमोजे पडले होते. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रेतं सापडतात. वाईट वाटतं, माणूस छातीवर क्रूसाची खूण करतो आणि कामाला लागतो. दुसरं काय करणार? मीही तेच केलं.

ऑगस्टमध्ये कधीतरी रॉय डेलने दुसऱ्या कोणाकडून ते नऊ खांब रंगवून घेतले. आता नदीपासून टाकीपर्यंत सलग जांभळं. बघणाऱ्याला कळणारही नाही.

ऑक्टोबरात एक वकीलबाई दुकानात आली. हॅलोरन नाव, वयाने माझ्या धाकटीएवढी, आणि स्पॅनिश अशी बोलायची की जणू पुस्तक उघडून वाचतेय. राज्याने पकडलेल्यांचे खटले फुकट लढवणाऱ्यांपैकी. तिला अब्दोन सेर्तुचे हवा होता. अब्दोन तिथेच बाकावर होता, नेहमीसारखा.

"मी नाहून ओरेयानाची वकील आहे," ती म्हणाली. "जूनमध्ये प्रुइट रँचवर पकडला गेला तो. होंडुरासचा. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, देनिल्सन. तो तिथेच वारला."

मी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली. आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, हिला दारातूनच परत पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

नदीतून ते सहाजण आले होते. पोलिसांच्या बोटीचा दिवा दिसला आणि वाट दाखवणारा पळून गेला, बाकीचेही पांगले. हे दोघे भाऊ उजाडेपर्यंत वेळूच्या बेटात दडून बसले. उजाडल्यावर बघतात तो समोर एक खांब, त्यावर जांभळा पट्टा. पुढे शंभर पावलांवर दुसरा. पुढे तिसरा. त्यांच्या गावाकडे, ओलांचोच्या पाइनच्या डोंगरात, रानखात्याची माणसं झाडांवर रंग मारतात तो वाट दाखवायला. त्यांना वाटलं, हीच ती वाट. कोणीतरी भल्या माणसाने आपल्यासारख्यांसाठी खुणा केल्यात. आणि ते एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे असे चालत राहिले, सात मैल. खांबांच्या पलीकडच्या बाजूने, ती शेजारच्या कोथमनबाईची जमीन, तिने पोलिसांना सही दिलेली नव्हती, म्हणजे तिथे गुन्हा नाही. पाणी बरोबर होतं ते चौथ्या मैलाला संपलं. तरी खुणा होत्या, म्हणून चालले.

"आणि मग खुणा संपल्या," हॅलोरन म्हणाली. "नाहून सांगतो, पुढचे खांब कोरे होते. त्यांना वाटलं इथे थांबायचं असेल, इथे कोणीतरी न्यायला येणार असेल. म्हणून अलीकडच्या बाजूला झाड होतं, त्याच्या सावलीत बसले. प्रुइटच्या बाजूला. दीड दिवस बसले."

अब्दोन जमिनीकडे बघत होता.

मला नि त्याला, दोघांनाच माहीत होतं, त्या नवव्या खांबापाशी काय आहे. टाकी आहे. गुरांसाठीची, सिमेंटची, काठोकाठ भरलेली. पूर्वी वर पवनचक्की होती, ती मैलावरून दिसायची. आता सोलरचा पंप बसवलाय, आणि मध्ये एक चढ आहे, त्यामुळे झाडाखालून काही दिसत नाही. काम पुरं झालं असतं तर ते खुणेखुणेने थेट पाण्याशी गेले असते.

हॅलोरनला टाकीचं काही ठाऊक नव्हतं. तिला खटल्याचं पडलं होतं. "जिथे पकडला तिथे कुंपण नाही, पाटी नाही. खूणही नसेल तर गुन्हाच नाही. पण सरकारी वकील तुमच्या सहीचा कागद दाखवतो, काम पूर्ण म्हणून. आणि आता तर सगळेच खांब रंगवलेले आहेत. सेन्योर सेर्तुचे, जूनमध्ये ते खांब कोरे होते की नाही, हे सांगू शकणारे तुम्ही एकटेच."

"नाही सांगितलं तर?" अब्दोनने विचारलं.

"वर्षभर आत. चार महिने झालेच आहेत. भावाला होंडुरासला पुरलं, तेव्हा हा इथे तुरुंगात होता. आई एकटी आहे."

"आणि सांगितलं तर सुटेल?"

ती खोटं नाही बोलली, तेवढी चांगली होती. "या गुन्ह्यातून सुटेल. मग केंद्राचे लोक ताब्यात घेतील आणि परत पाठवतील. पण आईकडे जाईल. या वर्षीच जाईल."

ती कार्ड ठेवून गेली. मी दोन गिऱ्हाईकं केली, एकाला बकऱ्यांचं मीठ दिलं, एकाशी उगाच भांडले.

मग मीच तोंड उघडलं. "कोंपाद्रे, त्या कागदावर अजून चाळीसेक खटले उभे आहेत. रॉय डेल तुम्हाला सोडायचा नाही. या काउंटीत कोणी खड्डा खणायलाही बोलावणार नाही तुम्हाला."

"माहीत आहे."

"आणि खोटी सही केली म्हणून तुम्हालाच आत घातलं तर?"

"घालू देत. तिथे पंखा तरी असेल."

"चेष्टा सुचतेय!" मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. "तुम्ही काय मारलंत त्याला? तुम्ही रंग लावत होतात. सांगितलेलं काम करत होतात."

"करत नव्हतो ना," अब्दोन म्हणाला. "तेच तर. सोडून गेलो होतो."



दुसऱ्याच आठवड्यात रॉय डेल त्याच्या घरी जाऊन आला. त्याला कुठून कळलं देव जाणे, या गावात काही लपत नाही. टोमॅटोच्या वाफ्यापाशी उभा राहून म्हणाला म्हणे, "अब्दोन, तू सही केलीयस. काम पूर्ण आहे. जाऊन बघ, आहे की नाही पूर्ण? मग झालं तर! उगाच म्हातारपणी नाव घालवून घेऊ नकोस." अब्दोनने त्याला टोमॅटो दिले पिशवी भरून. हे मी त्याला विचारलं, का दिलेत म्हणून. म्हणाला, "पिकले होते."

खटल्याच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्याला माझ्या गाडीतून कोर्टात नेलं. त्याने तोच शर्ट घातला होता, गव्हर्नरच्या मंडपातला. दुसरा चांगला नव्हताच त्याच्याकडे. न्यायाधीश निवृत्त झालेले, कुठूनतरी उत्तरेकडून आणलेले, सकाळपासून एकामागून एक खटले काढून थकलेले. नाहून ओरेयाना वकीलबाईशेजारी बसला होता. पस्तिशीचा असेल. तुरुंगाचे कपडे त्याला दोन माप मोठे होत होते.

सरकारी वकिलाने कागद वाचला. मग वकीलबाईने अब्दोनला बोलावलं. बायबलवर हात ठेवून शपथ झाली.

"ही सही तुमची?" हॅलोरनने विचारलं.

"माझी."

"त्या दिवशी सर्व खांब रंगवून झाले होते?"

"नाही. शेवटचे नऊ राहिले होते."

"मग सही का केलीत?"

अब्दोनने न्यायाधीशाकडे पाहिलं. "गव्हर्नर आला होता," तो म्हणाला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"नंतर ते पूर्ण केलेत?"

"नाही. मी गेलो, पण तिथे... मी नाही केले. आज जे दिसतात ते दुसऱ्याच्या हातचे आहेत. माझा पट्टा मी ओळखतो."

सरकारी वकिलाने त्याला बरंच छळलं. वय किती, चष्मा लागतो का, आठवण कशी काय एवढी पक्की. अब्दोन प्रत्येक वेळी तेच म्हणाला, "नऊ राहिले होते." चाळीस वर्षांची त्याची एकुलती एक बढाई भर कोर्टात त्याने नऊ-दहा वेळा मोडली, आणि दर वेळी आवाज तेवढाच. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याला धरून घरी न्यावंसंही वाटत होतं.

पाऊण तासात निकाल लागला. गुन्हा सिद्ध होत नाही. न्यायाधीशांनी पुढचा कागद ओढला.

बाहेर आल्यावर मी हॅलोरनला विचारलं, "मग आता गव्हर्नरच्या आकड्यातून हा एक कमी होईल?"

ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "आकडा पकडलेल्यांचा असतो. सुटलेले कोणी मोजत नाही."

नाहूनला कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं होतं, हाताला बेड्या. केंद्राची गाडी यायची होती. पहारेकरी आमच्याच गावातला, मेंदेसांचा. अब्दोनला बघून त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि फोन काढला. अब्दोन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मी उभीच राहिले.

"ते पट्टे तुम्ही मारलेत, काका?" नाहूनने विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

"हो."

"सरळ होते एकदम. सगळे एका उंचीवर. देनिल्सन म्हणाला, ज्याने हे केलंय तो नीट माणूस असणार."

अब्दोन खाली बुटांकडे बघू लागला.

"मला एकच विचारायचंय," नाहून म्हणाला. "दीड दिवस होतो ना तिथे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी देनिल्सन म्हणत होता, मी जरा पुढे जाऊन बघून येतो, चढापलीकडे. त्याच्यात तेवढं त्राण होतं तेव्हा. मी नाही म्हटलं. खुणा संपल्यात तिथेच थांबायचं, चुकामूक होईल, म्हटलं. हात धरून बसवला त्याला. मी थोरला, त्याने ऐकलं. घरी गेलो की आई विचारेल. तुम्हाला ती जमीन माहीत आहे. पुढे काही होतं का, काका? पाणी?"

तासाभरापूर्वी या माणसाने बायबलवर हात ठेवून सगळं खरं सांगितलं होतं. अब्दोनने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि नाहूनच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "पुढे काही नाही. दगड आणि निवडुंग. हमरस्त्यापर्यंत पाण्याचा थेंब नाही. गेला असता तर कुठेतरी एकटा पडला असता. तू केलंस ते बरोबर केलंस."

नाहूनने डोळे मिटून घेतले. मग त्याने मान डोलावली.

"एकटा नव्हता तो," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर होता." आणि बेड्या घातलेल्या दोन्ही हातांनी त्याने अब्दोनचा हात धरला, तो गाडी येईपर्यंत सोडला नाही.